बेळगावच्या गल्लीत कॅमेरा काढण्याआधी: नवख्यांसाठी मार्गदर्शक

रस्त्यावरच्या रोजच्या जगण्याचे फोटो काढायची हौस असलेली बरीच मुलं-मुली हल्ली मला विचारतात, की बेळगावात कुठं जायचं, कुठला कॅमेरा घ्यायचा आणि कुणी हटकलं तर काय करायचं. त्यांतल्या निम्म्यांना खरं तर 'गरीब वस्ती' हवी असते. फाटका पडदा, उघडं गटार, सुरकुतलेला चेहरा. तेवढ्यासाठीच जाणार असाल तर पुढचं वाचू नका. ज्यांना तिथल्या माणसांचं काम, बाजार, पाणी, गप्पा, कंटाळा असं सगळंच बघायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. दहा बाय दहाच्या घरात सहा माणसं राहतात तेव्हा घर उंबऱ्याशी संपत नाही. भांडी दारात घासली जातात, वेणी दारात घातली जाते, म्हातारा दारातच खाटेवर पडलेला असतो. कायद्याच्या भाषेत ती गल्ली सार्वजनिक जागा. तिथल्या माणसांच्या लेखी मात्र ती त्यांची ओसरीच आहे, आणि तुम्ही न विचारता त्यांच्या ओसरीवर चढलेले असता.

1. जागा ठरवा, सोप्याकडून अवघडाकडे

पहिल्याच दिवशी वस्तीत शिरू नका. बाजारापासून सुरुवात करा. गणपत गल्ली, खडेबाजार, रविवार पेठ, शनिवार खूट या भागात गर्दी असते, लोक आपापल्या घाईत असतात आणि कॅमेऱ्याकडं कुणी फारसं बघत नाही. हमाल, हातगाडीवाले, फुलवाल्या, चप्पल शिवणारे यांच्यात वावरून हात बसतो. (खडेबाजार दोन आहेत, एक बेळगावचा, एक शहापूरचा. संस्थानी काळात शहापूर सांगलीकडं होतं, त्यामुळं त्याची पेठ आजही वेगळी वाटते. रिक्षावाल्याला नीट सांगा, नाहीतर भलतीकडं उतराल.)

बाजारात सराव झाला की मागांच्या गल्ल्यांकडं वळा. वडगाव, खासबाग, शहापूर हा विणकरांचा पट्टा. तिथं घर आणि कारखाना एकाच छपराखाली असतो, म्हणून फोटोही समृद्ध मिळतात आणि परवानगीही जास्त लागते.

शहराच्या कडेच्या वस्त्यांची नावं मी इथं मुद्दाम देत नाही. नाव छापलं की पुढच्या रविवारी दहा कॅमेरे तिथं उभे राहतात. तिथं जायचं तर ओळखीच्या माणसाबरोबरच जावं. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, गल्लीतल्या गणेश मंडळाचा एखादा पोरगा, कुणीही चालेल. तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींना मात्र त्यात ओढू नका. त्यांना तुम्हाला 'नको' म्हणणं अवघड जातं.

जायचंच नाही अशा जागाही आहेत. कॅम्प भाग लष्करी आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथंच आहे. फोटोबंदीचे फलक नुसते शोभेला लावलेले नाहीत. लष्करी ठिकाणांना 1923 चा शासकीय गुपिते कायदा लागू होतो. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र आहे, त्या बाजूलाही हेच. आणि रेल्वे गेटजवळ थांबलेली सायकल-स्कूटरांची गर्दी कितीही छान दिसली तरी रुळांवर उतरून फोटो काढू नका. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली तो गुन्हा आहे, आणि गाडी तर कलम विचारायलाही थांबत नाही.

2. सोबत काय असावं

- ओळखपत्र, आणि त्याची एक झेरॉक्स.
- विद्यार्थी असाल तर कॉलेजचं पत्र, विभागाच्या शिक्क्यासह. पोलिसांपेक्षा ते मागमालकांना दाखवायला जास्त उपयोगी पडतं.
- छोटं कार्ड, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड. त्यावर नाव, फोन नंबर आणि 'फोटोग्राफर' एवढं पुरे.
- आधी काढलेल्या फोटोंच्या पाच-सहा प्रिंट. "काय काढतोस?" याचं उत्तर तोंडानं देण्यापेक्षा हातात ठेवावं.
- खिशात मावेल अशी वही. कुणाला कुठला फोटो द्यायचा ते तिथल्या तिथं लिहायला.
- संमतीपत्राचे दोन-चार कोरे कागद, वाचणाऱ्याला कळेल त्या भाषेत. जाहिरातीला किंवा विक्रीला फोटो जाणार असेल तर हे लागतंच.
- पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी आणि कोरडा पंचा. आषाढातली बेळगावची झड छत्रीला जुमानत नाही.

कॅमेरा कुठला? आहे तो. मोबाइल असेल तर मोबाइल. मोठी झूम लेन्स मात्र घरी ठेवा. लांबून खेचलेला फोटो चोरलेल्यासारखा दिसतो, आणि लेन्स रोखलेला माणूस गल्लीत सीआयडीसारखा दिसतो. 35 मिलिमीटरची साधी लेन्स घातली की जवळ जावंच लागतं, जवळ गेलं की बोलावं लागतं.

3. पहिल्या फेरीत कॅमेरा पिशवीत

पहिल्या खेपेला नुसते फिरा. गल्लीच्या तोंडाशी चहाची गाडी असतेच, तिथं बसा. ऊन कुठल्या बाजूनं येतं, नळाला पाणी कधी येतं, पोरं शाळेतून कधी सुटतात, दुपारी गल्ली रिकामी होते की उलट भरते, हे सगळं बघून ठेवा. बेळगावात 2008 पासून काही प्रभागांत चोवीस तास नळ आहे. बाकीच्या ठिकाणी पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं. ज्या गल्लीत पाण्याची पाळी असते तिथं त्या दिवशी घागरी, पिंपं, रबरी नळ्या आणि भांडणं यांची एकच धांदल उडते. फोटोसाठी याहून चांगला दिवस नाही. पण तुमच्यावर वसकन ओरडलं जाण्याचाही तोच दिवस, म्हणून त्या दिवशी नवख्यानं लांब राहावं. चार ओळखी झाल्या की मग जावं.

खरेदी करायचीच तर गल्लीतल्याच दुकानातून करा. फोटोसाठी पैसे मात्र देऊ नका. एकदा दिले की पुढच्या येणाऱ्याकडून मागितले जातात, आणि पैसे घेतलेला माणूस तुम्हाला हवा तसा चेहरा करून देतो. या बाबतीत माझ्याशी भांडणारे मित्र आहेत. त्यांचं म्हणणं असं, की वेळ घेतला तर मोबदला द्यावा. तासभर कुणाला काम सोडून बसवलं असेल तर तेही खरंच आहे. पण मग तो ठरवून काढलेला फोटो झाला, रस्त्यावरचा नव्हे.

4. विचारायचं कसं

नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथं होतो. विचारलं तर लोक सावरून बसतात, फोटोतला जीव जातो. न विचारता काढला तर भांडण. उपाय सोपा आहे. विचारा, सावरून बसलेला फोटो मनापासून काढा, पडद्यावर दाखवा, आणि मग तिथंच रेंगाळा. दहा मिनिटांत त्यांचं लक्ष पुन्हा कामाकडं जातं. त्यानंतरचे फोटो तुम्हाला हवे तसे असतात, आणि ते परवानगीनं काढलेले असतात.

काका, मावशी, अक्का, अण्णा ही हाक आधी, फोटोचा विषय नंतर. "अक्का, काम चाललंय त्याचा एक फोटो काढू काय?" एवढंच. सीमाभागातल्या कुठल्याही गल्लीत निम्मी घरं मराठी बोलतील, शेजारची कन्नड, त्यापुढची उर्दू. म्हणून एक वाक्य पाठ करून जा: "ओंद फोटो तगीली एन्री?" उत्तर "आत्री" आलं तर काढा, "ब्याड्री" आलं तर हसून पुढं चला. मोडकं कन्नड बोललात म्हणून कुणी रागावत नाही, उलट खुर्ची मिळते.

"पेपरात घालतासा काय?" हा प्रश्न हमखास येणार. कधी त्यात भीती असते, कधी हौस. उत्तर खरं द्या. इंटरनेटवर टाकणार असाल तर तसं सांगा. "कुठं नाही हो, असंच" म्हणून वेळ मारून नेऊ नका. मोबाइल आता सगळ्यांकडं आहे, आणि त्यांचाच भाचा तो फोटो तिसऱ्या दिवशी त्यांना दाखवतो.

नकार तोंडानंच येतो असं नाही. पदर ओढून घेणं, पाठ वळवणं, मुलाला आत बोलावणं, हे सगळं 'नको'च. एकदा नको म्हटल्यावर कोपऱ्यावरून हळूच काढलेला फोटो गल्ली विसरत नाही.

5. उजेड आणि सेटिंग

अरुंद गल्लीत ऊन उभं पडतं ते दुपारी. एक भिंत पांढरी जळते, दुसरी काळी. सकाळी आठ-साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर या. दुपारी जायचंच असेल तर सावलीच्या बाजूला उभे राहा, माणूसही सावलीत घ्या आणि उन्हाची भिंत फ्रेमच्या बाहेर ठेवा. पावसाळ्यातला ढगाळ उजेड मला सगळ्यात आवडतो. कौलांवरचं शेवाळ आणि घरांवर टाकलेलं निळं प्लॅस्टिक त्यात आपल्या रंगात दिसतं.

चालत्या माणसासाठी शटर निदान 1/250 सेकंदावर ठेवा, सायकल किंवा पळती पोरं असतील तर 1/500. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 35 मिलिमीटर लेन्सचं छिद्र f/8 ला लावून फोकस तीन मीटरवर पक्का केला, की साधारण दोन ते सात मीटरमधलं सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. मग फोकसची झटापट संपते, डोळे माणसावर राहतात. मोबाइलवर हा प्रश्नच नाही. फक्त चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा, नाहीतर मागचं आभाळ फाटतं.

फ्लॅश नको. बंदच ठेवा.

6. कामाच्या जागा: माग आणि विडी

वडगावातल्या मागाच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की पहिल्यांदा कान जातात. खटखटखट एवढी, की विचारायचं तरी कसं असा प्रश्न पडतो. खुणेनं बाहेर बोलवा, बाहेर बोला. आत ट्यूबलाइट असेल तर शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, जुन्या पट्टीची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, आणि शटर जास्त वेगात ठेवलं की फोटोत पिवळे-काळे पट्टे येतात. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर तिथं तर अजिबात नको, पट्टे आणखी वाढतात. 1/50 ला धोटा (आडवं सूत घेऊन पळणारी नळी) पुसट येतो, विणकराचे हात थोडे हलतात, चेहरा स्थिर राहतो. मागाचा फोटो तसाच चांगला दिसतो. लेन्स आत बदलू नका, सुताचा कोंडा हवेत तरंगत असतो आणि थेट सेन्सरवर बसतो. आणि कॅमेऱ्याचा खांद्यावरचा पट्टा आखूड करा. मागाच्या फिरत्या पट्ट्याजवळ लोंबती दोरी नेणं म्हणजे हात गमावणं.

माणूस मागावर उभा असतो तेव्हा घरातली म्हातारी कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरत असते. सगळे मागाचा फोटो काढून परत जातात. तुम्ही तिच्याजवळ बसा. त्या साडीत तिचंही काम आहे, मजुरीच्या हिशेबात ते दिसत नाही एवढंच.

निपाणीकडं गेलात तर विडी. 1981 च्या तंबाखू आंदोलनानं हे गाव देशाला माहीत झालं. दारात बसलेल्या बायकांच्या मांडीवर सूप असतं, त्यात कापलेली तेंदूची पानं आणि जर्दा, म्हणजे तंबाखूचा चुरा. पान तळहातावर, चिमूटभर जर्दा, एक वळसा, टोक दुमडलं, दोरा आवळला, सुपात टाकलं. हे तुम्ही वाचलंत त्याहून लवकर होतं. मजुरी हजारावर ठरते, म्हणून 'जरा थांबा, वर बघा' म्हणाल तर त्यांचं नुकसान करता. हात चालू असतानाच काढा. जवळून, बोटांच्या उंचीवर बसून.

इथं एक सापळा आहे. कारखान्याच्या किंवा तंबाखूच्या वखारीच्या आत मालकाच्या परवानगीशिवाय काढलेला फोटो बाहेर आला, की तुमचं काही बिघडत नाही. फोटोतल्या बाईचं काम जातं. ती स्वतः "काढ की" म्हणाली असली तरी. अशा वेळी चेहरा न दिसेल असा काढा किंवा काढूच नका.

7. बायका आणि मुलं

आडोशाला तट्ट्या लावलेली न्हाणी, शौचालयाची रांग, अंगावर पाजणारी आई यांच्याकडं कॅमेरा वळवायचा नाही. आंघोळ वगैरे खासगी स्थितीत बाईचा फोटो काढणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. पण कलम नसतं तरी तेच सांगितलं असतं. पुरुष असाल तर पहिल्या काही खेपांना मैत्रिणीला किंवा बहिणीला बरोबर न्या. गल्लीचा ताण निम्मा उतरतो.

मुलं तर स्वतःच धावत येतात, "अंकल, माझा एक, माझा एक!" मुलांनी सांगितलेलं 'हो' धरायचं नाही, आई-बाप किंवा आजीला विचारायचं. शाळेचं नाव असलेला गणवेश दिसू देऊ नका. कामावर असलेलं, घर सोडून आलेलं किंवा कुठल्या प्रकरणात अडकलेलं मूल असेल तर त्याची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नं बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चौकात फुगे विकणाऱ्या मुलाचा चेहरा 'हृदयस्पर्शी' म्हणून टाकणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

8. पोलीस आणि सीमाभागाची खास गोष्ट

सार्वजनिक जागेत हातात कॅमेरा घेऊन आपल्या हौसेसाठी फोटो काढायला परवाना लागत नाही. पण ट्रायपॉड, लाइट आणि चार माणसं आली की ते 'शूटिंग' होतं, मग महानगरपालिका आणि पोलीस ठाण्यात आधी विचारलेलं बरं. ड्रोनचा विचार सोडा. लष्कर आणि विमानतळ दोन्ही असलेलं हे शहर आहे. हट्टच असेल तर 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा कुठल्या रंगात येते ते बघून मग बोला.

हवालदारानं हटकलं तर कॅमेरा खाली घ्या, नमस्कार करा, ओळखपत्र द्या, फोटो दाखवा. कायद्यावर व्याख्यान देऊ नका.

आता आपल्याकडची गोष्ट. 1 नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटक राज्योत्सव, दुसरीकडं मराठी भाषकांचा काळा दिन. त्या दिवशी, त्याच्या आगेमागे आणि इथं भरणाऱ्या कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात वातावरण तापलेलं असतं. बातमीदार असाल तर तुमचं ते कामच आहे. रोजच्या जगण्याचे फोटो शिकायला आलेल्यानं हे दिवस टाळावेत. इतर दिवशीही फ्रेमच्या मागं काय आहे ते बघा. भगवा, कन्नड लाल-पिवळा झेंडा, काळं फासलेली पाटी यांपैकी काही मागं आलं, की तुमचा भाजीवाला भाजीवाला राहत नाही, कुणाच्या तरी बाजूचा होतो. मग फोटोखाली दोन्हीकडच्या शिव्या जमतात, आणि त्या खातो तो भाजीवाला. दोन पावलं सरकून उभं राहिलं की हे टळतं.

बाहेरून येणाऱ्यांना आणखी एक विनंती. 'अन्यायग्रस्त सीमावासी' शोधत फिरू नका. गल्लीतला माणूस नळ, भाडं, पोरीची फी यात गुंतलेला असतो, आणि त्याचा शेजारी कन्नड बोलतो म्हणून त्याचं पाणी वेगळं येत नाही.

9. प्रिंट परत न्या

ही पायरी सगळे गाळतात. मला विचाराल तर बाकीच्या एका बाजूला आणि ही एका बाजूला.

1936 साली अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात वाटाणा तोडणाऱ्यांच्या छावणीत एका आईचा फोटो काढला. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध फोटोंपैकी तो एक. लँग यांनी तिचं नाव विचारलंच नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं 1978 साली, आणि त्या फोटोचा आपल्याला काही उपयोग झाला नाही, ही तिची तक्रार होती. फोटो सरकारी कामासाठी काढलेला होता, हेतू चांगला होता, छावणीला अन्नाची मदतही पोचली. पण तोवर ती तिथून निघून गेली होती.

म्हणून वहीत लिहा: नाव, दार कुठलं, कुठला फोटो. पंधरवड्याच्या आत चार बाय सहाची प्रिंट घेऊन जा. व्हॉट्सअॅपवर पाठवणं हे त्याला पर्याय नाही, फोन फुटतो, नंबर बदलतो. प्रिंट देवाच्या फोटोशेजारी खोचली जाते. आणि त्यांना द्यायचा फोटो तुम्हाला आवडलेला नव्हे, त्यांना आवडेल तो. सावरून बसलेला, केस विंचरलेला. तोही काढायचा असतो असं वर म्हटलं ते याचसाठी.

प्रिंट घेऊन दुसऱ्यांदा गेलात की गल्ली बदलते. कुणीतरी आतून ओरडतं, "फोटोवाला आलाय गं!" आणि ज्या बाईनं पहिल्यांदा पदर ओढला होता ती स्वतः विचारते, आमचा कधी काढणार.

10. निवडताना, टाकताना

घरी येऊन लगेच निवडू नका, आठवडा जाऊ द्या. मग बघा. ज्या फोटोत माणूस फक्त गरीब दिसतोय, दुसरं काहीच कळत नाही, तो काढून टाका. जिथं तो काही करतोय, कुणाशी बोलतोय, कशावर चिडलाय, तो ठेवा. म्हैसूरचे छायाचित्रकार टी. एस. सत्यन (1923–2009) यांचे फोटो या दृष्टीनं बघण्यासारखे आहेत. साधी माणसं, साधी कामं, पण कुणी केविलवाणं नाही.

गटाराचा फोटो टाकायचाच नाही असं मी म्हणत नाही. टाका, पण खाली प्रभाग लिहा, किती दिवस तुंबलंय ते लिहा, म्हणजे तो महानगरपालिकेला विचारलेला प्रश्न होतो. नुसतं 'जीवन संघर्ष' असं लिहून मोकळे झालात, तर तिथल्या लोकांची घाण तुम्ही प्रदर्शनात मांडली, एवढाच त्याचा अर्थ.

फोटो टाकण्याआधी त्यातली जागेची माहिती पुसा. मोबाइल प्रत्येक फोटोत ती गुपचूप भरतो. मुलं असतील तिथं गल्लीचं नावही नको. रंग भडक करून, आभाळ काळंभोर करून दुःख वाढवू नका. आणि कुणाचा फोन आला, की "तो फोटो काढून टाका, पोरीचं लग्न ठरतंय", तर कारण न विचारता, वाद न घालता त्याच दिवशी काढून टाका. त्यासाठीच कार्डावर चालू असलेला नंबर द्यायचा.